चाड्यावरची मूठ

आपलं गाव, ता. निलंगा
१२ ऑगस्ट २०२४

पारू,

तुझ्या नावापुढं काय लिहावं हेच कळंना. सौ. लिहावं तर वीरभद्र भावजी चैत्रात गेले. गं. भा. लिहायला माझा हात होईना. तू तुझ्या नवऱ्याच्या दिवसांना भी आली न्हाईस, तवा कपाळाचं काय केलंस ते मला काय ठाऊक? म्हणून नुसतं पारू लिहिलं. थोरली जाऊ धाकटीला नुसत्या नावानं हाक मारू शकते, तेवढा हक्क अजून माझा हाय असं धरते.

फोन दोनदा केला. दोन्ही वेळेला तू माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. ठेव बाई. मी चौथीपर्यंत शिकलेली हाय, मला लिहिता येतं. तुला वाचता येत न्हाई, म्हणजे हे तुझ्या भावाची सून उज्वला वाचून दाखवणार. उज्वला, मी केवळाबाई, तुझ्या आत्याची थोरली जाऊ. माझं अक्षर वाकडं हाय, पण लागंल तुला. दमानं वाच.

काम हाय म्हणून लिहून राहिले. उगं खुशाली विचारायला तेवीस वर्षांनी कुणी पत्र लिहीत न्हाई.

माझी नात शिल्पा, आदिनाथची थोरली, लातूरला शेतीच्या कॉलेजात हाय. जुन्या पिकांचं बी गोळा करायचं काम तिला दिलंय. घरी आली आणि पहिला सवाल हाच, "आजी, आपली झुलती शाळू कुठाय?" मी मोठ्या तोऱ्यात माळ्यावरचं मडकं उतरवलं. राखेत घोळलेलं बी, वर कडुनिंबाचा पाला, तोंडाला शेणमातीचा लेप, सगळं सासूबाईंनी शिकवलं तसं. आठ वर्षांत उघडलं नव्हतं. पोरीनं शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले. पाच दिवसांनी फडकं सोडलं तर एकाला मोड न्हाई. म्हणाली, "आजी, म्हातारं झालं बी." मी म्हणले, तुझी आजी काय सोळा वर्षांची हाय व्हय?

पण खरं सांगते पारू, त्या फडक्याकडं मला बघवलं न्हाई.

तुझे थोरले दीर जाऊन नऊ वर्षं झाली. ते होते तोवर एक पट्टा शाळूचा ठेवायचे. नंतर आदिनाथनं सगळं रान सोयाबीन आणि हरभऱ्याला लावलं. त्याला तरी काय बोलू? शाळू काढायला आता माणूस मिळत न्हाई, आणि घरात जनावरच न्हाई तर कडबा खाणार कोण. पण येळवशीला काय झालं ऐक. वेळ अमावस्येला रानात पांडव मांडायला कोप लागते का न्हाई? आपल्या वक्ताला शाळूच्या पाच पेंढ्या उभ्या केल्या की आत माणूस बसायचा. औंदा पोरांनी चार बांबू रोवले आणि वरून हिरवी जाळी टाकली, रोपवाटिकेला लावतात ती. त्यात चुना लावलेले पाच दगड ठेवले. व्हलगे व्हलगे म्हणत आंबील शिंपडली, ती आंबील दुकानच्या पिठाची. मी म्हणले, पांडव भी इथं बसायच्या ऐवजी लातूरला क्लासला जातील. सगळे हसले. मी भी हसले. घरी येऊन मात्र जेवण गेलं न्हाई.

शिल्पाच्या वर्गातली एक पोरगी मुदखेडकडची हाय. तिनं मोबाईलवर गेल्या संक्रांतीच्या वक्ताचा फोटो पाठवला. झेंडूच्या रानाच्या बांधाला ओळीनं पाच-सहा तासं, उंच शाळू, कणसं एका अंगाला वाकलेली. मी चष्मा लावला आणि म्हणले, हे आपलं कणीस हाय. विचारलं तर रान मडिवाळप्पाचं निघालं, तुझ्या भावाचं. मग ध्यानात आलं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तू माहेरी निघालीस तवा सासूबाईंनी तुझ्या ओटीत शाळू घातली होती. माझ्याच हातातल्या सुपातली.

शेरभर बी पाठव. सासूबाईंचा रिवाज तुला ठाऊक हाय. बी मागायला आलेल्या बाईला त्या रिकामं धाडत नव्हत्या आणि बी कुणाला विकत नव्हत्या. मी ह्या घरची थोरली सून तुझ्याकडं मागून राहिले.

बाकीचं जुनं उकरायला नको. ज्यानं त्यानं आपापलं भोगलं.

केवळा

३० ऑगस्ट २०२४

पारू,

अठरा दिवस झाले, जबाब न्हाई. पोस्टमन म्हणतो पत्र पोचलं असणार. म्हणजे उज्वलानं वाचलं आणि तू ऐकून पदर झटकून उठलीस. असंच उठायचीस तू, माझं बोलणं अर्धं ठेवून. मला लई राग यायचा.

येत्या आठवड्यात शिल्पाच येऊन राहिली. लातूरहून नांदेडची एसटी, तिथून मुदखेड. पोरगी एकटी फिरते, भीत न्हाई. तिला दोन दिवस ठेवून घे. ती माझी नात म्हणून नको, वीरभद्र भावजींची लाडकी होती म्हणून ठेव. त्यांचं शेवटपर्यंत दोन्ही वेळचं खाणं माझ्याच घरी होतं, हे तुला कुणी सांगितलं असंलच. तेवीस वर्षं भाकरी वाढली मी त्यांना. दुसरी बायको केली न्हाई त्यांनी. तुला आणायला भी गेले न्हाईत. तसलाच माणूस, लोक बोलले की मान खाली.

शिल्पाच्या सरांनी तिला सांगितलं, जवारी मूळची आपली न्हाईच म्हणे. समुद्रापलीकडं आफ्रिका हाय, तिथून चार हजार वर्षांमागं इकडं आली. मी विचारलं, आणली कुणी? म्हणाली, नाव कुठं लिहिलेलं न्हाई. मी म्हणले, मग बाईनंच आणली असंल. गड्यानं आणली असती तर कुठल्या तरी दगडावर नाव कोरून ठेवलं असतं. पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. पण खोटं हाय का सांग? कुठल्या गावची लेक कुठल्या गावाला दिली ते पूर्वी शाळूच्या रानात दिसायचं. माझ्या माहेरची पिवळी शाळू मी ह्या घरी आणली होती. सासूबाईंनी एक वर्ष पेरली आणि म्हणाल्या, भाकरीला चव न्हाई. झालं, संपली ती.

तुझी मूठ मात्र त्यांना पहिल्याच वर्षी आवडली. बैलाच्या तिफणीमागं चालत तिच्या चाड्याच्या वाटीत मुठीनं बी सोडायचं काम घरच्या बाईचं. तू आलीस तवा अठराची होतीस. सासूबाईंनी तुला तिफणीमागं उभं केलं आणि पंधरा दिवसांनी रान बघितलं, तर तासात, पेरल्या ओळीत, एक दाणा दाट न्हाई का एक विरळ न्हाई. त्या दिवसापासून मूठ तुझी. पुढं पुढं तर रामलिंगच्या रानात तू, पाटलाच्या रानात तू, हस्ताचा पाऊस उघडला की सहा घरची बोलावणी. गावभर झालं, धाकटीची मूठ.

मला भी धरता यायची. मला कुणी कधी विचारलं न्हाई, एवढंच.

आणि एक ध्यानात ठेव. वाटणी झाल्यावरच्या त्या वर्षी तुमच्या तीन एकरांत एक कोंब निघाला न्हाई. लोक बोलले. तेरा वर्षं लेकरू न्हाई, वांझेची मूठ, तिनं बीच मारलं, असं सगळं बोलले. दिवाळीला भावजींनी तुला माहेरी नेऊन सोडलं ते सोडलंच. त्या सगळ्यात मी एक शब्द बोलले नव्हते. कुणालाही विचार. मी एक शब्द बोलले न्हाई.

केवळा

१५ सप्टेंबर २०२४

पारू,

शिल्पा आली. रिकामी आली.

आल्या आल्या मी तिच्यावरच ओरडले. म्हणले, दोन दिवस राहून शेरभर बी आणता येईना तर कॉलेज कशाला पाहिजे? ती चिडली न्हाई. पाणी प्याली आणि सांगायला बसली. ते ऐकल्यापासून तीन दिवस मला काही सुचंना.

तिनं सांगितलं, पारूआजीनं लई माया केली. कुरडया तळल्या, डोक्याला तेल लावलं. पण दिवसभर झेंडू तोडतात, गुलाब तोडतात, हार ओवतात, नांदेडच्या बाजाराला टोपली भरून देतात. रोपं लावायचा दिवस असला की घरात बसतात. हिनं विचारलं, असं का? तर तू म्हणालीस, "तोडायला हात कसाही चालतो बाळ. लावायला चालत न्हाई."

बियाचा डबा तुझ्या भावजयीच्या खोलीत आणि त्या खोलीत तू पाय ठेवत न्हाईस. शिल्पानं शाळूचं विचारलं तर भावजय द्यायला उठली होती. तू अडवलंस. पोरीला म्हणालीस, "हे बी माझ्याच ओटीतून इथं आलंय. माझा हात लागलाय त्याला. अक्काच्या रानात पुन्हा उगवलं न्हाई तर? तिचं रान वाया घालवू नको. दुसरीकडून बघ." पोरगी म्हणाली, "इथं तर दरवर्षी उगवतंय की आजी." त्यावर तू काय म्हणालीस? "मी त्या बांधावर जात न्हाई म्हणून उगवतंय."

पारू, मला वाटलं होतं तू रागानं देईनास. माझ्यावर रुसून बसलीस असं धरून मी दोन पत्रं लिहिली. तुझा राग मला चालला असता. तेवीस वर्षं मी तोच धरून बसले होते, धाकटी माझ्यावर रागावलीय, तिला सगळं कळलंय, म्हणून फोन ठेवते. आणि तू मला तुझा आवाज लागू नये म्हणून फोन ठेवत होतीस का ग? शिल्पाला तू तसंच सांगितलंस म्हणे. "माझ्या तोंडून शुभ कामाला हो-न्हाई काही जायला नको."

उज्वला, आता इथं थांब. दार लावून घे आणि मग पुढचं वाच. तुझ्या आत्याला एकटीलाच ऐकू दे.

पारू, त्या वर्षी तुला मी जे बी दिलं

न्हाई. आत्ता न्हाई लिहवत. आदिनाथ जेवायला आलाय, भाकरी टाकायच्या हायेत. हे असंच पाकिटात घालते, फाडलं तर पुन्हा लिहायची न्हाई मी.

केवळा

१७ सप्टेंबर २०२४

पारू,

आज सतरा सप्टेंबर. शाळेत झेंडा हाय, घरातली सगळी तिकडं गेली. मुक्तिदिनाची भाषणं इथं ओसरीत ऐकू येतात. मी कडी घालून बसले.

उज्वला, तू भी कडी घाल. नसंल घालायची तर नको घालू. मला सांगायचा काय हक्क हाय आता.

वाटणीच्या दिवसाचं सांगते. सासूबाई त्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. बियाचं मडकं थोरलीकडं राहतं, म्हणून ते माझ्याकडं आलं, आणि अर्धं बी तुला काढून द्यायचं ठरलं. सासूबाई जाताना तुला जवळ बोलवून म्हणाल्या होत्या, "पारे, मूठ सोडू नको." मी पायथ्याला बसले होते. बावीस वर्षं त्यांचं केलं मी. दोन बाळंतपणं त्या घरात काढली, नातू दिला. माझ्यासाठी एक शब्द निघाला न्हाई. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पाय दाब." तेवढंच.

मग वाटणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात आलीस आणि हसून म्हणालीस, "अक्का, बी काढून ठेव. उगवायचं मी बघते." तू सहज म्हणालीस. तुझ्या मनात काही नव्हतं, तवा भी मला ठाऊक होतं. पण माझ्या अंगाची आग झाली. मनात आलं, बघतेच तू कशी उगवतेस.

चुलीवर भाकरीचा तवा होता. मी मडक्यातलं अर्धं बी परातीत काढलं. चार शेर होतं. मूठमूठ तव्यावर टाकलं आणि उलथन्यानं हलवत राहिले. लाही फुटू दिली न्हाई, रंग बदलू दिला न्हाई. हाताला चटका बसंल एवढं तापलं की काढायचं आणि दुसरी मूठ टाकायची. दुपार झाली मला. गार झाल्यावर त्याला राख चोळली, वास येऊ नये म्हणून. संध्याकाळी तू येऊन पदरात घेऊन गेलीस. मला वाकून नमस्कार केलास. मी "औक्षवंत हो" म्हणले.

लिहिलं.

मला वाटलं होतं, एक वर्षाचं पीक जाईल. धाकटीची मूठ धाकटीची मूठ म्हणणारी तोंडं बंद होतील आणि पुढच्या हस्ताला मला कुणी बोलवंल. तुला वांझ म्हणतील, तुझा हात वाईट ठरंल, तुला नेऊन सोडतील, एवढं पुढचं मी बघितलं न्हाई. देवाची आण घेऊन सांगते. पण पुढं ते सगळं डोळ्यांदेखत झालं तवा भी मी तोंड उघडलं न्हाई, त्याला काय म्हणायचं? बाया माझ्या ओसरीत बसून बोलायच्या आणि मी त्यांना चहा करायची. एक शब्द बोलले न्हाई म्हणून दुसऱ्या पत्रात मी मोठेपणा लिहिला ना, तो हाच.

भावजी शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, "वहिनी, पारूची मूठ तशी नव्हती हो." मी ताट वाढत होते. तवा सांगितलं असतं तर त्या माणसानं जायच्या आधी तुला बोलवलं असतं. मी म्हणले, वरण घ्या अजून थोडं. आणि वाढलं.

चाडं मला कधीच मिळालं न्हाई. पुढच्याच वर्षी गावच्या फारूकनं ट्रॅक्टर आणला, गावातल्या तिफणी माळ्यावर गेल्या, आणि चाड्याला बाईच लागंना. ज्याच्यापायी मी हे केलं ते कामच उरलं न्हाई.

तुझ्या हातात कधीच काही वाईट नव्हतं. चार हजार वर्षं बायांनी हातोहात आणलेलं बी मी एका सकाळी तव्यावर मारलं आणि नाव तुझ्या हाताचं झालं. शिल्पाला मी सांगितलं. तिचं तोंड उतरलं. आदिनाथला सांगितलं. आता गावात सांगणार हाय, येळवशीला सगळे रानात जमतात तवा, कोपीपुढं उभी राहून. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

बी नको मला. माझ्या रानाची ती लायकी न्हाई. माफ कर म्हणायला तोंड न्हाई, पण म्हणून राहिले. माफ कर पारू. मी चौसष्ट वर्षांची झाले, तुझ्या दारात येऊन बसू म्हणलीस तर उद्या निघते. शिवी दे, पण काहीतरी कळव.

केवळा

मुदखेड
९ ऑक्टोबर २०२४

केवळाबाई,

मी उज्वला लिहिते आहे. आत्या सांगतात तसंच लिहिते, माझं काही घातलेलं नाही. वर मी "अक्का" लिहिलं होतं. आत्यांनी ते खोडायला लावून तुमचं नाव लिहायला सांगितलं. इथून पुढं त्यांचे शब्द.

तुझं पत्र उज्वलानं आधी एकटीनं वाचलं आणि रडत माझ्याकडं आली. म्हणाली, आत्या, आत चला, दार लावते. मी म्हणले, अंगणात वाच. मडिवाळप्पाला बोलव, वहिनीला बोलव, झेंडू तोडायला आलेल्या बायांना बोलव. त्यांनी इतकी वर्षं मला लावणीच्या दिवशी घरात बसलेलं बघितलंय. त्यांना ऐकू दे. ती वाचत गेली. तव्याचं आलं तवा वहिनीनं तोंडाला पदर लावला. मडिवाळप्पा उठून रानाकडं निघून गेला. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. काम करून राठ झालेले हात हायेत. दुसरं काही दिसलं न्हाई मला त्यांच्यात.

तू सगळं लिहिलंस ते बरं केलंस. आता माझं ऐक.

तेवीस वर्षं मी कुणाच्या लग्नात हळद लावली न्हाई. कुणाची ओटी भरली न्हाई. उज्वलाचं लेकरू झालं तवा दारातून बघितलं, ते चालायला लागल्यावर आपणहून माझ्याकडं आलं म्हणून घेतलं. मला कुणी नको म्हणलं नव्हतं. माझ्या भावाच्या घरात मला कुणी कधी वाकडं बोललं न्हाई. मीच नको म्हणायची. मला खरंच वाटायचं की माझ्या हातानं मरतं.

तेरा वर्षांमागं आई गेली. चार दिवस घरघर लागली होती. शेवटच्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, पारूच्या हातचं पाणी दे. मी तांब्या भरला. दाराशी आले आणि मला वाटलं, मी पाजलं तर ही आत्ताच जाईल. मी तांब्या वहिनीच्या हातात दिला. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं मला तिचा राग हाय, तिनं मला त्या घरी दिलं म्हणून. ती वहिनीच्या हातचं पाणी प्याली न्हाई, तोंड फिरवलं. तासाभरानं गेली. मी तिला सांगू शकले न्हाई की राग न्हाई ग, मी तुला जपून राहिले.

तू माफी मागितलीस. माझ्यापुरतं असतं तर मी दिली भी असती, मला धरून ठेवायला जमत न्हाई. पण ते पाणी आईचं हाय. ते मी कसं देऊ? तिला विचारता येत न्हाई. तू इकडं येऊ नको. आलीस तर मी तुला बस म्हणीन, चहा देईन, आणि नंतर आठ दिवस मला झोप लागायची न्हाई.

बी पाठवते. पत्र्याच्या डब्यात दोन शेर हाय, शिल्पाच्या मैत्रिणीच्या हातानं कॉलेजात पोचंल. वहिनी मापायला बसली होती, मी तिच्या हातातून माप घेतलं. तू नको लिहिलंस तरी पाठवते, कारण पहिल्या पत्रात तू मागितलं होतंस आणि मी अडवलं होतं. शिल्पाला पेरू दे. तू बांधावर उभी राहा, तुला कुणी अडवत न्हाई.

आणखी एक हाय. पाऊस उघडल्यावर मी मडिवाळप्पाला म्हणले, औंदा शाळूला ट्रॅक्टर नको. त्यानं शेजारची बैलं आणली, माळ्यावरची तिफण काढून धुतली. मी चाड्यावर मूठ धरली. पहिल्या दोन ओळींत बी कुठं दाट पडलं, कुठं पडलंच न्हाई. सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. तिसऱ्या ओळीला मूठ आपोआप आली.

सहाव्या दिवशी उगवलं. मी बांधावर बसून होते, सकाळची उन्हं आली तवा तासाला तास दिसायला लागली. हे कुणाला सांगावं याचा मी लई विचार केला. आई न्हाई, सासूबाई न्हाईत, ते गेले. इथल्या माणसांना उगवलं म्हणजे उगवलं, त्यात सांगायचं काय. ते उगवलेलं बघून मला काय झालं असंल, ते कळणारी आता तू एकटीच राहिलीस. म्हणून तुला कळवलं.

पारू